अवयवप्राप्त रुग्णांचे महामारीतील मनःस्वास्थ्य : वटार-वसई परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मुंबईतील अवयव-प्रत्यारोपणाचा इतिहास जेव्हा सांगितला जातो, तेव्हा त्यात तीन पात्रे ठळकपणे येतात : शल्यविशारद, दाता आणि कायदा. ज्याच्या देहात दुसऱ्याचा अवयव बसविला गेला तो माणूस मात्र शस्त्रक्रिया यशस्वी झाली की कथेतून निघून जातो. वास्तविक त्याची कथा तिथे सुरू होते. यापुढे रोज ठरलेल्या वेळी औषधे घ्यायची, गर्दी टाळायची, साध्या तापालाही भ्यायचे आणि तरीही आपण बरे झालो आहोत असे मानायचे, अशा दुहेरी अवस्थेत त्याला उरलेले आयुष्य काढावयाचे असते. २०२० ते २०२२ या काळातील करोना महामारीने या अवस्थेचा कस पाहिला.

प्रस्तुत लेखात वसई तालुक्यातील वटार आणि त्याच्या आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. वटार निवडण्यास कारण आहे. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस, निर्मळच्या परिसरात असलेले हे वाड्यांचे गाव. केळी, भाजीपाला, फुले हा या पट्ट्याचा पिढीजात व्यवसाय. मुंबई इतकी जवळ, की माल सकाळी बाजारात पोहोचावा. पण आजार गंभीर झाला की तीच मुंबई दूर भासावी. प्रत्यारोपणाची सोय असलेली मोठी रुग्णालये वसईच्या खाडीपलीकडे आहेत. अवयवप्राप्त व्यक्तीचे मनःस्वास्थ्य हा तिच्या मनोबलाचा खासगी प्रश्न मानण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे मनःस्वास्थ्य औषध, वाहतूक, कुटुंब आणि शासकीय नियम यांच्या गुंफणीतून घडते. महामारीत ही गुंफण सुटली म्हणूनच ती दृष्टीस पडली.

परळ, १९६८

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तशीच शस्त्रक्रिया केली. जगातील ती सहावी. रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूमृत्यूला त्या वेळी भारतात कायद्याची मान्यता नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा या विषयावरील सुप्रसिद्ध अहवालही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे सेन यांच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी प्रसिद्ध झाला. त्या काळाच्या मानाने हे धाडस किती मोठे होते याची यावरून कल्पना यावी. मुंबईत पुढचे यशस्वी हृदय-प्रत्यारोपण होण्यास २०१५ चा ऑगस्ट महिना उजाडावा लागला. मधली ४७ वर्षे हा खंड इतिहासाच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे तपासावा असा आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने केपटाऊनच्या पहिल्या रुग्णाचा मृत्यू अधिक बोलका आहे. लुई वॉशकान्स्की हे शस्त्रक्रियेनंतर १८ दिवस जगले. नव्या हृदयाने दगा दिला नव्हता. ते शेवटपर्यंत चालत होते. शरीराने ते नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दडपली गेली होती आणि त्यांना न्यूमोनियाने गाठले. प्रत्यारोपणाचे मूळ कोडे त्या एका मृत्यूत मांडले गेले आहे. परका अवयव स्वीकारावयाचा तर शरीराने आपले पहारेकरी मागे घ्यावयाचे. आणि पहारेकरी मागे घेतले की रस्त्यावरचा कोणताही जंतू आत येऊ शकतो. कर्णाने कवचकुंडले दान केली. अवयवप्राप्त माणूस दान घेतो आणि ते टिकविण्यासाठी स्वतःचे कवच उतरवून ठेवतो.

मूत्रपिंडाच्या बाबतीत हे कोडे थोडे लवकर हलके झाले. १९५४ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले, कारण जुळ्याचा अवयव शरीराला परका वाटला नाही. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली नात्यातील जिवंत दात्याकडून झालेल्या प्रत्यारोपणाने हा उपचार रुळू लागला. पुढे सायक्लोस्पोरिन हे औषध आले. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून ते मिळाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाल्यावर जगभर प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. त्यानंतरचे टॅक्रोलिमसही मूळचे जपानच्या मातीतले. अवयव टिकू लागले, माणसे वर्षानुवर्षे जगू लागली, आणि मग मानसिक प्रश्न उभे राहिले. कारण जो जगतो त्यालाच मनाची काळजी करावी लागते.

उपकाराचे ओझे

शिकागोचे मनोविश्लेषक हायमन मस्लिन यांनी १९७१ मध्ये मूत्रपिंडप्राप्त रुग्णांच्या मनोव्यापाराचे तीन टप्पे मांडले. प्रथम अवयव परका वाटतो, मग अर्धवट आपला होतो, शेवटी तो आहे याचे भान राहत नाही. ही मांडणी आजही उपयुक्त आहे, पण तिच्यात एक सरळ रेषा गृहीत धरली आहे. एखाद्या साथीने, एखाद्या तापाने रुग्ण तिसऱ्या टप्प्यावरून पुन्हा पहिल्यावर येऊ शकतो. विस्मृतीत गेलेले मूत्रपिंड अचानक आठवू लागते. पोटावर हात जातो.

दुसरी मांडणी समाजशास्त्राची. मार्सेल मॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये दानाविषयी लिहिताना देणे, घेणे आणि परतफेड या तिहेरी बंधनाकडे लक्ष वेधले. त्याच्या आधारे रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वाझी या अमेरिकन संशोधकद्वयीने प्रत्यारोपणातील दानाचा जुलूम ही कल्पना मांडली. ज्याची परतफेड होऊच शकत नाही असे दान घेणाऱ्यास जखडून टाकते, असा तिचा आशय. आपल्याकडे ऋण ही कल्पना इतकी जुनी आणि इतकी घरगुती आहे, की ही गोष्ट समजण्यास मराठी वाचकाला परदेशी आधाराची गरज भासू नये. अवयवदानाच्या आपल्याकडील व्यासपीठांवर दधीची ऋषी हमखास अवतरतात. देणाऱ्यासाठी पुराणात आदर्श तयार आहे. घेणाऱ्यासाठी मात्र तसा आदर्श नाही. फार तर गणपतीचे उदाहरण दिले जाते. पण दुसऱ्याचे मस्तक धारण केल्यावर त्या बाळाच्या मनात काय आले, हे कोणी विचारले नाही.

भारतात हे ऋण बहुधा घरातले असते. मूत्रपिंडाचे दान मुख्यतः जिवंत नातेवाइकांकडून होते आणि देणाऱ्यांमध्ये स्त्रिया अधिक, घेणाऱ्यांमध्ये पुरुष अधिक, हे आता अधिकृत आकडेवारीतूनही स्पष्ट झाले आहे. १९९५ ते २०२१ या काळातील नोंदींनुसार देशातील दर पाच अवयवप्राप्त व्यक्तींपैकी चार पुरुष होते. म्हणजे घरात बायको किंवा आई एका मूत्रपिंडावर राहते आणि नवरा किंवा मुलगा तिच्या दुसऱ्या मूत्रपिंडावर. महामारीत हे दोन्ही देह एकाच छपराखाली अडकले. आपल्याला संसर्ग झाला तर आपण जाऊच, पण तिने दिलेलेही वाया जाईल, आणि तिलाही आपल्यामुळेच संसर्ग होईल : भीतीचे हे तिसरे वळण इतर दीर्घ आजारांच्या रुग्णांमध्ये सहसा आढळत नाही. मृत्यूच्या भयाहून ते निराळे आहे. त्याला अपराधभाव म्हणणेच योग्य.

कायद्याने दात्याची काळजी केली, हे येथे नोंदविले पाहिजे. १९८० च्या दशकात मूत्रपिंडांच्या व्यापारासाठी देशातील काही शहरे, मुंबईसह, जगभर बदनाम झाली होती. या पार्श्वभूमीवर १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत तसेच केंद्रशासित प्रदेशांत तो लागू झाला. योगायोग असा की, प्लेगच्या भयातून जन्मलेला साथरोग अधिनियम हाही १८९७ च्या ४ फेब्रुवारीचाच. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने याच जुन्या अधिनियमाचा आधार घेतला. एक कायदा अवयवाच्या देवाणघेवाणीचा, दुसरा माणसांच्या हालचालीचा. अवयवप्राप्त माणसाचे २०२० मधील आयुष्य या दोहोंच्या मध्ये सापडले. दोन्हींत त्याच्या मनाचा उल्लेख शोधू गेल्यास निराशा पदरी येते.

माती, खाडी आणि लोकल

प्रत्यारोपणानंतर रुग्णाला दिल्या जाणाऱ्या सूचना वरवर पाहता सर्वांना सारख्याच असतात. परंतु त्या वटारसारख्या गावात पोहोचल्या की त्यांचा अर्थ बदलतो. मातीत व कुजलेल्या खतात बुरशीचे बीजाणू असतात. म्हणून बागकाम टाळावे, करायचेच तर हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी, असे सांगितले जाते. शहरातील सदनिकेत राहणाऱ्यास याचा अर्थ गच्चीवरच्या दोन कुंड्यांपासून दूर राहणे, एवढाच. वाडीत जन्मलेल्याला तो आपल्याच अंगणातून हद्दपार झाल्यासारखा वाटावा. केळीचे खोड तोडणे, शेणखत पसरणे, पाटाचे पाणी वळविणे या कामांतूनच घरातील पुरुषाचे घरातले स्थान ठरते. ते सुटले की तो ओट्यावरचा माणूस होतो. ज्या मातीतल्या बुरशीने त्याचे औषध दिले, त्याच मातीला त्याने हात लावू नये, ही विसंगती वैद्यकाच्या दृष्टीने किरकोळ असेल. मनाच्या दृष्टीने तशी नाही.

दुसरी गोष्ट रक्ताच्या तपासणीची. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण मोजण्यासाठी नमुना सकाळची मात्रा घेण्यापूर्वी, आदल्या मात्रेनंतर साधारण बारा तासांनी द्यावा लागतो. मुंबईतील रुग्णालयात तपासणी असेल तर वटारहून पहाटेच निघावे लागते. गोळी खिशात, बस किंवा रिक्षाने नालासोपारा, तेथून लोकल. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हापासून या पट्ट्याचे जगणे तिच्याशी बांधले गेले. फुले, भाजी, नोकरदार, विद्यार्थी आणि रुग्ण यांची वाट एकच. विरार लोकलच्या गर्दीचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणता येईल, की प्रतिकारशक्ती दडपलेल्या माणसाने जिथे जाऊ नये अशा जागांची यादी केली तर तिच्यात हा डबा वरच्या क्रमांकावर असेल; आणि तरीही जिवंत राहण्यासाठी त्याला याच डब्यातून जावे लागे.

२२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल थांबली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आली. त्याच दिवशी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि डॉक्टरांनी दूरध्वनीवरून किंवा चित्रसंवादाद्वारे सल्ला देणे नियमबद्ध झाले. अवयवप्राप्त रुग्णांच्या दृष्टीने या दोन घटना एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरल्या. रेल्वेचा धोका टळला, पण मुंबईतील तज्ज्ञाचा हात सुटला. आवाज मात्र राहिला. अनेकांना त्या आवाजाने धीर दिला असेल. तरीही, आपल्या अवयवाला ज्याने हाताने तपासले त्या डॉक्टरने आता केवळ आकड्यांवरून आपले भवितव्य ठरवावे, याची सवय होण्यास वेळ लागतो. परळ आणि शीवसारखी मोठी सार्वजनिक रुग्णालये करोनाबाधितांनी भरली होती. ज्या इमारतीने जीवदान दिले, तीच आता सर्वांत धोक्याची जागा झाली. १५ जून २०२० पासून लोकल अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी; दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले.

त्या एप्रिलची आठवण या परिसरात सहज पुसली जाणार नाही. २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले. ज्यांना रुग्णालयाची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच मनात रुग्णालयाची धास्ती बसावी, अशी ही घटना. त्याच सुमारास काळ्या बुरशीच्या म्हणजे म्युकरमायकोसिसच्या बातम्या येऊ लागल्या. करोनाच्या उपचारातील स्टेरॉईड हे तिचे एक कारण सांगितले गेले. अवयवप्राप्त व्यक्ती तर तीच औषधे वर्षानुवर्षे रोज घेत असते.

प्रतीक्षेतील रुग्णांचा उल्लेख येथे थोडक्यात केला पाहिजे. देशातील प्रत्यारोपणांची संख्या २०१९ मध्ये १२,६६६ होती, ती २०२० मध्ये ७,४४३ वर आली. या दोन आकड्यांमधील अंतरात आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे रुग्ण आहेत, ज्यांना घरी बसून राहण्याची मुभाच नव्हती.

साऱ्या जगाने मुखपट्टी लावली तेव्हा

टाळेबंदीच्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली, जिची पुरेशी दखल घेतली गेली नाही. तोंड झाकणे, हात धुणे, अंतर राखणे, आजाऱ्याला भेटण्यास न जाणे, लग्नाला न जाणे : अवयवप्राप्त माणसाची ही वर्षानुवर्षांची वैयक्तिक शिस्त होती आणि तिच्यामुळे तो गावात वेगळा दिसत असे. वसईच्या गावांत लग्न, बारसे, मरण, सण, मग ते ख्रिस्ती घर असो वा हिंदू, सारा गाव जमतो. तिथे न जाणारा माणूस घमेंडखोर ठरतो किंवा दयेचा विषय होतो. मार्च २०२० नंतर सारेच मुखपट्टी लावून फिरू लागले. चर्च व देवळे बंद झाली आणि ती १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंदच राहिली. लग्ने मोजक्या माणसांत होऊ लागली. अवयवप्राप्त माणूस काही काळ सर्वांसारखा झाला. म्हणून या काळातील त्याचे मन केवळ भीतीच्या मापाने मोजणे चुकीचे ठरेल. त्यात एक प्रकारची सुटकाही होती. आपल्याला आता कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही, ही सुटका.

याच सुमारास युरोपात झालेला एक वाद या संदर्भात उल्लेखनीय आहे. इटालियन तत्त्वचिंतक जॉर्जो आगाम्बेन यांनी फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, साथीच्या नावाखाली शासनसंस्था आणीबाणीचे अधिकार बळकावीत आहे, अशी टीका केली. स्ट्रासबर्गचे तत्त्वचिंतक झाँ-ल्यूक नान्सी यांनी लगेच उत्तर दिले. नान्सी यांचे हृदय-प्रत्यारोपण १९९० च्या दशकाच्या आरंभी झाले होते. प्रतिकारशक्ती दडपल्यामुळे पुढे त्यांना कर्करोगही झाला. या अनुभवावर त्यांनी २००० मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले, ज्याच्या शीर्षकाचा अर्थ आगंतुक किंवा घुसखोर असा होतो. उत्तरात त्यांनी मित्राला आठवण करून दिली, की डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचविले तेव्हा त्यांचे ऐकू नये असा सल्ला देणाऱ्या थोड्या लोकांत आगाम्बेन होते, आणि तो सल्ला मानला असता तर आपण फार काळ जगलो नसतो. नान्सी ऑगस्ट २०२१ मध्ये निवर्तले. स्वातंत्र्य आणि नियंत्रण यांवरील एरवी अमूर्त राहणारी चर्चा एका अवयवप्राप्त माणसाच्या देहापाशी येऊन थांबली, हे आपल्या महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाच्या आणि राज्यशास्त्राच्या वर्गांत सांगण्यासारखे आहे.

आपल्याकडे प्लेगच्या काळातही नियंत्रणाचा प्रश्न पेटला होता. पुण्यातील घरझडत्यांचा संताप आणि २२ जून १८९७ ची रँड-हत्या हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या संतापाचे औचित्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु नियंत्रणाकडे पाहण्याची आणखी एक जागा असते, जिथे शेजाऱ्याने पाळलेला नियम हाच आपला उरलेला श्वास असतो, हे २०२० च्या अनुभवाने दाखविले. आपल्या साथरोगविषयक इतिहासलेखनात ही जागा अजून रिकामी आहे.

लस आणि प्रमाणपत्र

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. सहव्याधींच्या वीस बाबींच्या यादीत मूत्रपिंड, यकृत अथवा रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्यांचा आणि त्याच्या प्रतीक्षेत असलेल्यांचा स्पष्ट उल्लेख होता. शासनाच्या साथविषयक कागदात या माणसांना नावानिशी जागा मिळाली, हे महत्त्वाचे आहे. मात्र पंचेचाळिशीच्या आतील अवयवप्राप्तांना १ मेपर्यंत थांबावे लागले. म्हणजे दुसऱ्या लाटेचा चढ त्यांनी लसीविना काढला.

लस मिळाली तरी शंका संपली नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ४३६ अवयवप्राप्तांपैकी केवळ १७ टक्क्यांमध्ये पहिल्या मात्रेनंतर प्रतिपिंडे आढळली. मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत ६५८ जणांपैकी ५४ टक्क्यांमध्ये दुसऱ्या मात्रेनंतर. या पाहण्या एम-आरएनए लसींच्या होत्या, आपल्याकडे मुख्यतः कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या जात होत्या, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. कारण मात्र सगळीकडे सारखेच : जे औषध अवयव वाचविते तेच लसीला शरीरात पाऊल रोवू देत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांना मुंबईची लोकल खुली झाली. नालासोपाऱ्याच्या खिडकीवर प्रमाणपत्र दाखवून पास मिळू लागला. ते प्रमाणपत्र सर्वांचे एकसारखे. पण ज्याच्या रक्तात ती लस उतरली की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्या हातात त्या कागदाचा अर्थ काय? नियमाच्या दृष्टीने तो सुरक्षित झाला होता आणि डब्यात शिरताना आपण सुरक्षित नाही हे त्याला एकट्याला माहीत होते. टाळेबंदीत जे एकटेपण सर्वांनी वाटून घेतले होते ते या टप्प्यावर पुन्हा त्याच्या एकट्याच्या वाट्याला आले. घरची माणसेही आता म्हणू लागली, की दोन मात्रा झाल्या, मग अजून कसली भीती. मानसिक ताण साथीच्या शिखरावर सर्वाधिक असतो हे गृहीतक या गटापुरते तरी तपासून पाहिले पाहिजे; साथ ओसरताना तो वाढला असण्याची शक्यता अधिक दिसते.

अमेरिकेत अशा रुग्णांना तिसऱ्या मात्रेची परवानगी ऑगस्ट २०२१ मध्येच मिळाली होती. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून दक्षता मात्रा सुरू झाली ती आरोग्य व आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठ वर्षांवरील नागरिक यांच्यासाठी. साठीच्या आतील अवयवप्राप्त त्यात बसत नव्हते. २ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर महाराष्ट्रातील करोना निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. अठरा वर्षांवरील सर्वांना दक्षता मात्रा १० एप्रिलला खुली झाली, तीही खासगी केंद्रांवर पैसे भरून. शासकीय केंद्रांवर ती विनामूल्य मिळू लागली १५ जुलैला, पंचाहत्तर दिवसांसाठी. तोवर विरार लोकलच्या डब्यात मुखपट्टी लावलेला माणूस पुन्हा वेगळा दिसू लागला होता.